शेजारच्या गच्चीवरचा सूर्य

अर्जुनी मोरगावातले आमचे शेजारी म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. रोज संध्याकाळी ते गच्चीवर जातात आणि तलावापलीकडे बुडणाऱ्या सूर्याचे मोबाइलवर फोटो काढतात. एकदा मी विचारलं, "रोज रोज कायले हो, भाऊ?"

"जिंदगीभर त्याले डोळ्यावर घेऊन गाडी चालवली, बाई. आता कुठं आरामात पाहून राहिलो."

मागच्या वर्षी माझा पाय मोडला. दोन महिने मी पूर्वेच्या खोलीत पडून होते. त्या दिवसांत ते फोटो काढून खिडकीशी येत आणि गजांमधून मोबाइल आत देत. एका संध्याकाळी फोटोत नुसतं राखाडी आभाळ होतं. "आज नाही दिसला," एवढंच म्हणाले. कालचा फोटो दाखवून त्यांनी मला कधी फसवलं नाही, म्हणूनच मी रोज त्यांची वाट पाहत असे.

प्लास्टर निघाल्यावर जिन्याचा कठडा धरत मी त्यांच्या गच्चीवर चढले. समोर लालबुंद सूर्य पाण्याला टेकला होता. त्यांनी मात्र मोबाइल माझ्याकडे वळवला.

"अहो, तिकडं सूर्य बुडून राहिला ना!" मी ओरडले.

"तो उद्या बी येते," ते म्हणाले. "तुमी आज आल्या."