त्याच तेलात

बिस्किटाच्या पुड्यावर, मागे बारीक अक्षरात एक ओळ असते: 'यात शेंगदाण्याचे अंश असू शकतात.' माझ्या लेकीला, सईला, दाणे अजिबात चालत नाहीत. एका घासाने घसा सुजतो आणि दवाखाना गाठावा लागतो. त्यामुळे ती ओळ वाचली की मी चिडायचे. असू शकतात म्हणजे काय? आहेत की नाहीत ते सांगा ना!

यंदा दिवाळीत शेजारच्या मालतीकाकूंनी फराळाचा डबा पाठवला. झाकणावर चिठ्ठी होती: 'चकलीत दाणे नाहीत. पण चिवड्याचे दाणे त्याच तेलात तळले होते, हे नंतर लक्षात आलं. सईला देऊ नकोस.'

मी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. चकलीला दाण्याचं काही लागलं होतं का, हे काकूंनाही ठाऊक नव्हतं. जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी लपवलं नाही. स्वतः खपून केलेल्या चकलीबद्दल 'देऊ नकोस' म्हणायला मन मोठं लागतं. त्या पुड्यावरची ओळ लिहिण्याआधीही कुणीतरी आपल्या यंत्रातून आधी काय काय गेलं, ते असंच आठवून पाहिलं असेल.

चकल्या मी आणि नवऱ्याने संपवल्या. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात साखर घातली. तो द्यायला सईच गेली आणि काकूंच्या पाया पडून आली, एकही चकली न खाता.