भाऊजींचा युनिक्स लॅपटॉप आणि मोटारसायकलची चावी

समस्त भंडारा जिल्ह्यास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आमच्या ताईच्या घरी एका वृद्ध लॅपटॉपवर जी शस्त्रक्रिया झाली, तीत रुग्ण वाचला असून दोन्ही शल्यविशारद जखमी आहेत. पैकी एक मी.

दुसरे आमचे भाऊजी. वरठीकडच्या एका कारखान्यात भट्टीवर त्यांची हयात गेली आणि भट्टीचा ताप अजून डोक्यातून उतरलेला नाही. भट्टीचे आकडे ज्या लॅपटॉपमध्ये जायचे, तो भंगारात निघाला तेव्हा त्यांनी घरी आणला. विटेएवढा जाड, विंडोजऐवजी युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा. त्या यंत्रात ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. तो म्हणजे एकटे भाऊजी.

तर मागे एकदा हे मोटारसायकलवर कारध्याला झिंगे आणायला गेले आणि झिंगे घेऊन ऑटोने परत आले. मोटारसायकल तिथल्या नदीच्या पुलापाशीच विसरली! ताईने चावी जप्त केली. त्यावरून एक ताट भिंतीवर आपटलं आणि एका स्टुलाचा पाय मोडला.

“तुमाले काही याद राहत नाही,” ताई कडाडली. “उद्या घर विसरान!”

“मले सब याद आहे! कारखान्याच्या लॅपटॉपचा पासवर्डबी याद आहे!”

“मंग उघडून दाखवा तो डब्बा. उघडला का चावी तुमची.”

मी जेवत होतो. ताईच्या हातचं जेवण मी सहसा चुकवत नाही. घास खाली ठेवून विचारलं, “काय आहे जी पासवर्ड?”

भाऊजी लालबुंद झाले. “तुले कायले पायजे? पासवर्ड सांगत नसते, टाकत असते!”

मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. पासवर्ड गेला, हे दोघांनीही मनोमन ठरवून टाकलं. साठी उलटलेला माणूस चावीवाचून अंगणात येरझाऱ्या घालतो, हे काही बघवत नव्हतं. त्यांना मदत करायची असं मी ठरवलं.

पण लॅपटॉप सुरूच होईना, म्हणून दुपारी ओसरीवर कत्तल सुरू झाली. झाकणाचा स्क्रू हलेना म्हणून भाऊजींनी पेचकसावर हातोडा घातला. एक बिजागिरी तुटून माझ्या कपाळावर आली. आत एक काळी चिप होती. यंत्राला आपण कोण हे लक्षात ठेवायला लावणारी बॅटरी तिच्या पोटात बंद, आणि ती केव्हाच मेलेली. बाहेरून नवा सेल जोडायचा तर चिपचं पोट फाडणं भाग होतं. मी ती पकडीत आवळली, भाऊजींनी हेक्सा ब्लेड चालवलं. काळा भुगा उडाला, तारा दिसल्या, ब्लेड सटकलं आणि भाऊजींच्या अंगठ्यात गेलं. रक्त थेट कीबोर्डवर.

“सोडू नको! कापू दे!” ते ओरडले. ताईने त्यांना दंडाला धरून ओढत दवाखान्यात नेलं.

हीच ती संधी. मी सेल जोडला, चटके खात सोल्डर केलं. पडदा थरथरत उजळला. चालू होणाऱ्या यंत्राचा दोन बटणांनी तिथेच गळा दाबला, भाऊजींच्या कपाटातल्या युनिक्सच्या सीडीवरून ते पुन्हा सुरू केलं आणि पासवर्ड साठवलेल्या फाइलमध्ये रूटच्या नावापुढची गिचमीड पार पुसून टाकली. आता भाऊजींनी काहीही टाकलं तरी दार उघडणार, असा माझा समज!

पट्टी बांधून भाऊजी आले. बाह्या सरसावल्या. चावी ताईच्या मुठीत. पडद्याने नाव विचारलं. भाऊजींनी एका बोटाने ‘root’ हाणलं, एंटर दाबलं, आणि पासवर्ड टाकायला बोट उगारलं.

यंत्राने पासवर्ड विचारलाच नाही. थेट आत घेतलं.

भाऊजींचं बोट तसंच हवेत.

“याले तर पासवर्डच नाही!” ताई म्हणाली. “एवढी वर्षं कायचा तोरा होता तुमाले?”

भाऊजी सावकाश माझ्याकडे वळले. “तूनं काढला.”

“तुमच्या मदतीसाठीच, भाऊजी... म्हटलं, तुमाले आठवत नसन...”

पुढचं वाक्य घशातच राहिलं, कारण घसा त्यांच्या हातात होता. स्टूल आडवं झालं, त्यावर मी, माझ्यावर ते. पट्टीतलं रक्त माझ्या कॉलरवर. “मले आठवत नाही? मले?” माझं डोकं जमिनीवर आपटत ते गरजले. “‘फुकट्या’ होता पासवर्ड! फुकट्या! तू रोज जेवाले येतं म्हणून ठेवला होता! तुह्या तोंडावर कसा सांगू?”

शेजारी कुंपणाशी जमले. पासवर्ड खरंच तोच होता का, हे तपासायची कुणालाच गरज वाटली नाही. मलासुद्धा नाही. माझे डोळे पांढरे होऊ लागले, तेव्हा ताईने मूठ उघडली आणि किंचाळली, “अजी, हे घ्या चावी, पण त्याले सोडा!”