बोटं मोजणारे

माझ्या धाकट्या भावाला मोबाईलवर कसलंही ज्ञान मिळालं की आम्हा घरच्यांचं काही खरं नसतं. पांढरकवड्याच्या बसस्टँडवर वाघ बसल्याचा फोटो गावभर फिरला, तेव्हा यानेच घाबरून पोरांची शाळा बुडवली होती. फोटो कॉम्प्युटरने बनवलेला निघाला आणि हा लगेच खोटे फोटो ओळखण्यातला तज्ज्ञ झाला. "ताई, पयले बोटं मोजाचे, मंग कान पाह्याचे, मांगच्या पाटीवरचे अक्षरं वाचाचे!" पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी हा धडा सुरू व्हायचा.

त्यातच बाबांचा पहिला स्मृतिदिन आला. आधार कार्डावरचं ते गुन्हेगारासारखं थोबाड सोडलं तर बाबांचा फोटो एकच, लग्नानंतरचा. खुर्चीत बसलेले, हात मांडीवर. ओल लागून हाताचा भाग पार गेलेला. आईला तो मोठा करून हवा होता. बाबा गेल्यापासून तिने आमच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. भावाने फोटो यवतमाळच्या एका स्टुडिओत टाकला. हल्ली स्टुडिओवाल्याला कॅमेरा धरता आला नाही तरी चालतं. कॉम्प्युटरला हुकूम सोडायचा आणि चहाला जायचं.

आणायला मीही गेले. पाहते तर बाबांच्या कपाळावर टिळा! आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, आणि हा स्टुडिओवाला टिळा लावून मोकळा.

"काम्पुटरनं आपल्या मनानं लावला असन, म्याडम," स्टुडिओवाला जांभई देत म्हणाला.

मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्याने टिळा पुसला. मग आमचे तज्ज्ञ पुढे सरसावले. कान तपासले, शर्टाच्या गुंड्या तपासल्या, बोटं दोनदा मोजली.

"बराबर पाच हायेत, ताई. फोटो पास!"

घरी आईने चष्मा पुसला आणि फोटो मांडीवर घेतला. चेहऱ्यावरून हात फिरवत ती खाली बोटांपर्यंत आली आणि थांबली.

"हा हात कोनाचा व्हय?"

बाबांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेलं होतं, लग्नाच्याही आधी. त्याच हाताने त्यांनी या दीडशहाण्याला सायकल शिकवली, आणि हा पाच मोजून खूश! टिळ्याच्या भांडणात मलाही ते दिसलं नाही, याची चीड वेगळीच.

भावाने ओशाळून स्टुडिओवाल्याला फोन लावला. "अरे, आमच्या बाबाच्या त्या हाताले चारच बोटं होते."

"मंग चांगलंच झालं ना भाऊ," तो निर्लज्जपणे हसला. "हात बी दुरुस्त करून देला."

स्पीकर चालू होता. आईने मोबाईल ओढून घेतला. एरवी तिला फोनवर बोलायचंही जिवावर येतं.

"माह्या मानसात काय बिघडलं होतं, तं तू दुरुस्त केलं?"

आईने मोबाईल भावाच्या हातात दिला आणि तो चकचकीत फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

स्मृतिदिनाला आम्ही जुनाच फोटो मांडला. पोस्टकार्डाएवढा, मागच्या पाहुण्यांना दिसतही नव्हता. दोघीतिघी कुजबुजल्याच, एवढा मोठा मुलगा असून साधा फोटो करता आला नाही म्हणून. आई उठली आणि पहिलं फूल तिने फोटोतल्या त्या ओलीच्या डागावर ठेवलं.