तपासलेला पाय

माझ्या उजव्या पायाची दोन बोटं आता नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं. लोक विचारतात, कशानं गेली? मी सांगतो, खिळ्यानं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. म्हणून एकदाचं लिहून काढतो. शाळा माझी दुसरीपर्यंतच. अक्षर वाकडं वाटलं तर वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी.

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा. नुसत्या आवाजावरून सांगायचो कुठला माग अडकणार ते. अशा माणसाला साखर झाली आणि गोळ्यांच्या रांगेत बसायची पाळी आली, हेच मला लई झोंबायचं. आमच्या वसाहतीजवळच्या आरोग्य केंद्रात महिन्यातल्या एका गुरुवारी साखरवाल्यांना गोळ्या मिळतात.

त्या वर्षी तिथं एक डॉक्टरीणबाई आली. माझ्या नातीएवढी. तिचं पुढचं शिक्षण चालू होतं, आणि त्या शिक्षणाचा भाग म्हणून केंद्रातलं एखादं काम सुधारून दाखवायचं होतं. सगळे त्याला प्रोजेक्ट म्हणायचे. तिनं धरलं पायाचं काम. साखरवाल्याच्या तळव्याची जाण जाते, जखम झालेली कळत नाही, आणि केंद्रात तर पाय कुणी बघतच नव्हतं. आता दर महिन्याला प्रत्येकाचा पाय बघायचा, यादीत खूण करायची, आणि किती पाय बघून झाले त्याची रेघ भिंतीवरच्या कागदावर चढवत न्यायची. काम चांगलं होतं. हे मी आज म्हणतो.

पहिल्या गुरुवारी तिनं मला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली बसली आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मी ओढून घेतला.

"असू दे बाई. लेकीबाळीच्या मांडीवर पाय ठेवायची आमच्यात रीत न्हाय."

"आजोबा, मी डॉक्टर आहे."

"व्हय, पर आधी कुणाची तरी लेक हायस की."

रांगेतल्या बायका हसल्या. तीही हसली. मग मधे पाट सरकवून त्यावर पाय ठेवायला लावला. काडीला बसवलेला नायलॉनचा बारीक धागा दाखवला. डोळे मिटायचे, धागा तळव्याला लागला की सांगायचं. मला हसूच आलं. माझा सगळा जन्म धाग्यात गेलेला. डोळे मिटले.

"लागला," मी म्हणालो. जरा वेळानं परत म्हणालो, "लागला."

डोळे उघडले तर ती धागा हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"आजोबा, मी अजून लावलाच नव्हता."

शेजारी बसलेला माझ्याच कारखान्यातला एक म्हातारा म्हणाला, "जॉबर, हवंतच माग चालिवला की." सगळी रांग हसली. मी चपला घातल्या आणि गोळ्या न घेताच घरी आलो.

पुढच्या महिन्यापासून मी पाय दाखवला नाही. बाईनं दोनदा विनवलं, मग म्हणाली, "माझा संकोच वाटत असेल तर आमच्या सिस्टर बघतील." सिस्टर तिथली जुनी नर्स. तिच्यामागं लसी, गरोदर बायका, कागदांचा ढीग. ती मला कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाली, "मामा, नसंल दावायचा तर ऱ्हाऊ द्या. पाय तपासला म्हणून हितं सही करा. तुमच्या एकट्यापायी मॅडमची रेघ खाली येती."

मी केली सही. अंगठा नव्हे, सही. पाच महिने केली. दर वेळी वाटायचं, आपण जिंकलो.

बायको म्हणायची, "अवो, त्या पोरीला पाय दावला तर काय झिजंल का?"

मी म्हणायचो, "तू तुज्या विड्या वळ."

रेघ वरच्या टोकाला टेकली. प्रोजेक्ट झाला. केंद्रात पेढे वाटले, साखरवाल्यांना अर्धा अर्धा. मीही खाल्ला.

उन्हाळ्यात मैंदर्गीला एका लग्नाला गेलो. चपलेचा खिळा वर आला होता. दिवसभर मी त्यावरच चाललो आणि मला पत्ता नाही. घरी आल्यावर फरशीवर रक्ताचे डाग दिसले, तर बायको आपलाच पाय वर करून बघायला लागली. मग तिनं माझा बघितला. चार दिवस हळद भरली, पाचव्या दिवशी वास सुटला. मोठ्या दवाखान्यात बोटं काढली.

पट्टी बदलायला मी केंद्रात जायचो. एक दिवस बाहेरगावचे डॉक्टर प्रोजेक्ट बघायला आले होते, आणि तो दाखवायला, केंद्र सोडून गेलेली बाई मुद्दाम परत आली होती. "यातला एकही पाय सुटलेला नाही," ती कागदावर बोट ठेवून सांगत होती. तेवढ्यात तिला मी दिसलो. धावतच आली.

"आजोबा, हे कधी झालं?" तिनं यादी उघडली. "पाचही वेळा पाय ठीक लिहिलाय. सिस्टरनी धागा लावला तेव्हा कळत होतं ना?"

सिस्टर मागंच उभी होती.

"कुणी लावलाच न्हाय," मी म्हणालो. "मी लावू दिला न्हाय. सह्या माझ्या हायत."

बाईनं सिस्टरकडं बघितलं. "असे आणखी किती?"

सिस्टर यादीतली नावं बोटानं मोजायला लागली. बाईनं पेन काढलं आणि भिंतीवरची रेघ दुरुस्त करायला गेली. केंद्राचे मोठे डॉक्टर पाहुण्यांकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "आता कशाला? आकडे वर पाठवून झालेत." तिनं पेनाला टोपण लावलं.

मला बाईचा राग आला. घरी येईस्तोवर तो माझ्यावरच फिरला. सिस्टरचा का आला नाही, ते अजून कळत नाही.

डावा पाय अजून आख्खा आहे. पुढच्या गोळ्यांच्या गुरुवारी मी गेलो, स्टुलावर बसलो, चप्पल काढली आणि सगळ्या रांगेसमोर पाय पुढं केला.

"सिस्टर, बघा."

"मामा, ते प्रोजेक्ट होतं की," ती म्हणाली. "मॅडम गेल्या, संपलं."

"मग नुस्ता डोळ्यानं बघा."

"खिडकी बंद व्हायची वेळ झाली. गोळ्या घ्या आधी."

मी पाय तसाच पुढं ठेवून बसलो. मागनं कुणीतरी म्हणालं, "आजोबा, सरका की जरा. आमालाबी गोळ्या घ्यायच्यात."