अर्धा आटा

पक्षाघातानंतर नवऱ्याला उजव्या हातात पाना धरवेना, तेव्हा त्यांच्या रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीची देखभाल माझ्याकडे आली. गाडी जेमतेम दोन वितींची. रविवारी सकाळी मी पुढच्या चाकाचा नट जोर लावून आवळला. ह्यांनी डाव्या हाताच्या बोटानं चाक फिरवून पाहिलं. ते लगेच थांबलं.

"अर्धा आटा सैल कर," हे म्हणाले. "निखळू नये, एवढंच आवळायचं."

मी नट थोडा मागे घेतला. चाक कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं. त्याकडे बघताना वाटलं, चार महिने चालताना मी ह्यांचा दंड क्षणभरही सोडलेला नाही.

मैदानाकडे निघालो. फाटकाशी हे थांबले.

"मागे का राहिलीस?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.

हे सावकाश, एकटे चालू लागले.