काकीचा उजवा हात

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत कुणाकडे पाहुणे येणार असले की आधी लक्ष्मीकाकीला निरोप जातो. कोंबडी-वडे, माशाचं तिखलं, सोलकढी, सगळं ती घरूनच करून देते. मिल बंद पडल्यावर दौलतकाकांनी वॉचमनची नोकरी धरली आणि काकीने हा उद्योग सुरू केला. पुढे त्यांची मुलगी प्राची बँकेत लागली, काका निवृत्त झाले, तरी काकीने ऑर्डरी सोडल्या नाहीत. "घरात बसान काय करू? तुमची तोंडां बघू?" असं म्हणायची.

मागच्या थंडीत, एका रविवारी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा तिच्या उजव्या हातात, अंगठ्याच्या खाली घुसला. शिंगाळ्याचा काटा ठणकतोच, त्यात नवीन काही नव्हतं. तिने वर हळद दाबली आणि वडे तळायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीने माझं दार वाजवलं. "ताई, जरा येतेस? आई रडतेय."

बाळंतपणातसुद्धा ओरडली नाही म्हणून जिची ख्याती, ती काकी खाटेवर बसून कण्हत होती. हात थोडा सुजलेला, लालसर. बघून एवढं काही वाटत नव्हतं. पण चादर नुसती घासली तरी ती कळवळत होती, आणि अंगात ताप होता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टर माधवांनी हात बघितला. लाली संपत होती त्याच्याही बरंच वर, कोपराजवळ त्यांनी हलकंच दाबलं. तिथेही ती किंचाळली.

"काकी, शुगर कधी तपासलीय?"

"माका खय शुगर?" काकी म्हणाली.

बोटाला सुई टोचून त्यांनी तिथेच तपासली. चांगलीच वाढलेली होती. मग ते प्राचीकडे वळले. "दिसतंय त्यापेक्षा दुखतंय खूप जास्त. ही खूण बरी नाही. मी गोळ्या देऊन घरी पाठवणार नाही. टॅक्सी करा, मी परळच्या हॉस्पिटलला फोन करतो."

हॉस्पिटलात सर्जन सुचित्रा प्रभूंनी लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली. रक्त घेतलं, सलाइन आणि अँटिबायोटिक्स चालू केली. थोड्याच वेळात लाली रेघेच्या पुढे गेली. हाताच्या पाठीवर काळपट फोड आला. काकी असंबद्ध बोलायला लागली, बीपी उतरलं.

"स्कॅन नाही काढायचा?" काकांनी विचारलं.

"त्यासाठी थांबले तर उशीर होईल. जंतू कातडीखालच्या थरात पसरतायत. तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडल्यात, त्यामुळे नुसतं औषध तिथे पोचत नाही. मेलेला भाग कापून काढावाच लागेल."

"हात राहील ना?"

"प्रयत्न करणार. पण आधी काकींना वाचवू."

काका एवढंच म्हणाले, "करा, डॉक्टर." आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन समजावलं. आतला भाग करडा पडला होता, पातळ गढूळ पाणी निघालं, बोट घातलं तर थर सहज सुटत होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर हात गेलाच असता. जखम शिवली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत नेऊन बघितलं, अजून थोडं काढलं. त्याच्या पुढच्या वेळी मात्र काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्राची तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणी रडली.

काकी आयसीयूत शुद्धीवर आली. तिने काकांना जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "वड्यांची ऑर्डर गेली?"

काका हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

अंगठ्यापासून कोपरापर्यंतची उघडी जखम भरायला वेळ लागला. ड्रेसिंगच्या दिवशी ती दात आवळून पडायची. पुढे मांडीची कातडी काढून हातावर लावली, तीही छान धरली. फिजिओथेरपीवाल्या उन्मेषने बोटांच्या व्यायामाला मऊ चेंडू दिला, तर काकी म्हणाली, "चेंडू दाबून काय करू? माका पीठ द्या." तो हसला आणि चक्क हो म्हणाला. मग प्राची रोज घरून डब्यात मळलेलं पीठ न्यायची आणि काकी पलंगावर बसून ते तिंबायची.

आता दोन बोटं पूर्ण वाकत नाहीत. पीठ काका मळतात आणि बोलणी खातात. मासे प्राची साफ करते, जाड हातमोजे घालून. इन्सुलिन काकी स्वतः घेते. ऑर्डरी कमी झाल्या, पण बंद नाहीत.

परवा ती ब्लाउज शिवायला टाकायला गेली, तेव्हा मी सोबत होते. टेलरने तिच्या हाताकडे बघून हळूच सुचवलं, "काकी, बाह्या लांब ठेवू का?"

"कित्याक?" काकी म्हणाली. "उकडता माका. होत्यो तशोच ठेव."

मग तिने गळ्याला कुठली लेस चांगली दिसेल, यावर माझ्याशी बराच वेळ वाद घातला.