दंडावरचा बिल्ला

भाताची लावणी करणारी बाई मागे मागे सरकते. लावलेले रोप तिच्या समोर असते, मोकळा चिखल पाठीशी. गेल्या वर्षी लावणीच्या पाचव्या दिवशी माझी पत्नी पुढे चालू लागली. स्वतःच लावलेली रोपे तुडवीत ती चार पावले गेली. ओळीतल्या बाया हसल्या, त्यांना ती थट्टा वाटली. मग ती चिखलात बसली आणि हातातली रोपांची मूठ कुणी सोडवू लागले तरी सोडीना.

मी त्या वेळी कडावच्या बाजारातल्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचत होतो. निरोप आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मी शेतावर पोहोचेपर्यंत माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, किटलीतला गोड चहा घोटघोट पाजून तिला शुद्धीवर आणले होते.

पत्नीला मधुमेह होऊन बावीस वर्षे झाली. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई ती स्वतः टोचून घेते. रक्तातली साखर फार उतरली की पूर्वी तिला घाम फुटे, हात कापत, आणि ती गुळाचा खडा तोंडात टाकी. आता शरीर ती सूचना देत नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांनी असे होते.

मी तिला सांगितले, यापुढे लावणीला जायचे नाही. दोन दिवसांनी भाकरी थापताना ती म्हणाली, "आपल्या शेतावर आठ घरच्या बाया येनार. त्यांच्या शेतावर आपल्या घरनं कोन जानार? तुमी?"

"मजूर लावू. पैसे देऊ."

"सावड पैशानं फिटत नाय."

हे खरे होते. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज आमच्या शेतावर आठ घरच्या आठ बाया, उद्या त्या आठांपैकी एकीच्या शेतावर आमच्या घरची बाई. ज्या घरचे माणूस येत नाही ते घर सावडीतून गळते. त्यावर कुणी बोलत नाही, पुढच्या वर्षी बोलावणे येत नाही, इतकेच. लग्न होऊन आल्यापासून पत्नी त्या ओळीत होती. तिला ओळीबाहेर काढणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले नव्हते. इतके मात्र समजले की हा प्रश्न मजुराने सुटणार नाही.

यंदा उन्हाळ्यात कर्जतच्या डॉक्टरांनी सेन्सरचा उपाय सुचवला. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, दंडावर चिकटवायचा. त्याची केसाएवढी तार कातडीखाली राहते. साखर किती आहे ते फोनवर सारखे दिसते आणि ती उतरू लागली की फोन वाजतो. बोट टोचायला नको. तो पाण्याने बिघडत नाही. किंमत पाच हजारांच्या आत-बाहेर, आणि चालतो चौदा दिवस. चौदा दिवसांनी तो फेकायचा आणि दुसरा लावायचा.

"वर्षभर?" मी विचारले.

"वर्षभर लावला तर उत्तमच," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता कागदावर लिहू लागले.

मी भूमापन खात्यातून निवृत्त झालो. निवृत्तिवेतन वेळेवर मिळते, पण महिन्याला असे दोन सेन्सर त्यात बसत नाहीत. मी एक घ्यायचे ठरवले, लावणीच्या पंधरवड्यापुरता.

कर्जतच्या तीन औषधदुकानांत तो नव्हता. चौक गावातही विचारले. तिथल्या माणसाने तो पदार्थ पाहिलेलाही नव्हता. अखेर कर्जतच्याच एका दुकानदाराने मागवून देण्याचे कबूल केले.

"काका, आठ दिवस लागतील. पैसे आधी. परत घेणार नाय."

"दुकानात का ठेवत नाही?"

"घेतो कोण इकडं? एक ठेवला होता, तारीख उलटून गेली. माझ्या खिशातनं गेले."

त्याला दोष देण्यासारखे काही नव्हते.

सेन्सर लावायला आम्ही दवाखान्यात गेलो. बाकावर डोंगरातल्या एका वाडीवरची बाई दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीला दिवसातून चार वेळा सुई घ्यावी लागते, असे ती म्हणाली. पत्नीच्या दंडावरची ती चकती तिने बराच वेळ पाहिली. मुलीचीही बाही वर करून तिने दंड चाचपला. मग मला विचारले, "केवढ्याचा?" मी सांगितले. तिने मुलीची बाही खाली ओढली आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडे पाहू लागली. मी विचारल्यापेक्षा एक शब्दही जास्त बोललो नव्हतो, तरी बोललो नसतो तर बरे झाले असते, असे वाटले.

सेन्सर कधी लावायचा याचा हिशेब मी केला होता. मृगात पेरणी झाली. रोप पंचवीस दिवसांत लावणीला येते. म्हणजे आर्द्राच्या अखेरीस लावणी सुरू होऊन पुनर्वसूत संपणार. लावणी आरंभण्याच्या आदल्या दिवशी मी तो लावून घेतला. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. माझ्या मोजणीवर सहसा कुणी हरकत घेतली नव्हती.

संध्याकाळी वहिनी ओटीवर आल्या. त्यांनी पत्नीचा दंड धरून उजेडाकडे फिरवला.

"भावजी, ह्यो बिल्ला कसला? माज्या म्हशीच्या कानात सरकारनं मारला तसलाच हाय की."

"त्याने साखर कळते, वहिनी."

"केवढ्याचा?"

"पाच हजार."

"अगं बाय! माज्या म्हशीचा फुकट मारला. आनि ती दूध पन देते."

पत्नी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लावणीला आठही घरी त्या सेन्सरचे नाव बिल्लाच पडले.

लावणीला, असे मी लिहिले. पण लावणी सुरू झालीच नाही. सेन्सर लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले. खाचरातले पाणी आटले, चिखलणी करता येईना. रोप राबाच्या वाफ्यात उभे होते. बाया घरी होत्या आणि पत्नीच्या दंडावर दिवस संपत होते. चौथ्या दिवशी मी कर्जतला जाऊन दुकानदाराला विचारले की, हा काही दिवस बंद ठेवता येतो का.

"काका, तो काय गॅसचा सिलेंडर आहे, बटण फिरवून ठेवायला?"

दुकानातले इतर लोकही हसले. मी परत आलो.

करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे मी फोनवरच्या रेषा पाहू लागलो. मुलाने आपला जुना फोन त्यासाठी दिला होता. प्रत्येक दिवसाची एक रेषा. सकाळी ती चढे, मग उतरू लागे, आणि बारा ते दीडच्या दरम्यान तिला खोल खळगा पडे. साखर सत्तरच्या खाली, एकदा पन्नासपर्यंत. फोन त्या वेळी वाजला असला पाहिजे. मी वाचनालयात असे. पत्नीने मला काही सांगितले नव्हते.

सात दिवसांच्या सात रेषा मी एकाखाली एक वहीत उतरवून घेतल्या. सहा दिवशी खळगा होता. एका दिवशी नव्हता. तो रविवार होता, आणि रविवारी वाचनालय बंद असते.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी लावत होती.

"तू दुपारी किती वाजता जेवतेस?"

"तुमचं झाल्यावर."

"तू डॉक्टरांना वेळेवर जेवते म्हणून सांगितलेस."

"मग तीच वेळ ना. लगीन झाल्यापासनं तीच वेळ हाय."

"फोन वाजतो त्याचे काय करतेस?"

"बंद करते. गुळाचा खडा खाते." पातेले फळीवर ठेवून ती म्हणाली, "तुमी दीडला येता. मोजनीवर असताना तीन वाजायचे."

मी ओटीवर येऊन बसलो. नोकरीत मोजणीवरून घरी यायला मला उशीर होई. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली. घरी बसून राहायचे नाही म्हणून मी वाचनालयात जाऊ लागलो, आणि दीड ही माझी जेवणाची वेळ ठरली. ती कुणी ठरवली, हे मी कधी विचारले नव्हते. सकाळच्या इन्सुलिनचा जोर दुपारी असतो, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले होते. मी ते ऐकले होते. गेल्या वर्षी ती चिखलात बसली, तेव्हाही साडेबाराचाच सुमार होता.

दुसऱ्या दिवसापासून मी साडेअकराला घरी येऊ लागलो. कारण सांगितले नाही, तिनेही विचारले नाही. ताट वाढले की मी भरभर जेवून उठे. ती माझ्यानंतरच जेवे, पण बाराच्या आत. उरलेल्या दिवसांत एकदाही खळगा पडला नाही. चौदाव्या दिवशी फोनवर सेन्सर संपल्याची सूचना आली. तिने चकती काढली आणि पुसून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. टाकवेना, म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी पाऊस आला.

दुसऱ्या सेन्सरसाठी मी दुकानदाराला फोन केला. आठ दिवस, त्याने तेच सांगितले. तोवर रोप जून झाले असते. तो दुकानात असता तर मी घेतला असता का, हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

सकाळी ती इरले घेऊन निघाली. पहिला मान वहिनींच्या शेताचा होता. मी जा म्हणालो नाही. नको, असेही म्हणालो नाही. बोट टोचून साखर पाहण्याचे यंत्र, गूळ, भाकरी, वालाची उसळ आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून मी साडेअकराला वहिनींच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. नोकरीत पावसाळ्यात मोजणी बंद असे, त्यामुळे लावणीच्या दिवसांत बांधावर उभे राहण्याची मला सवय नव्हती. नऊ बाया वाकलेल्या होत्या. खाचर पुरे झाल्यावाचून त्या जेवायला वर येत नाहीत. मधूनच एक गेली तर ओळ मोडते.

"वहिनी," मी म्हणालो, "हिला जेवायला वर पाठवा."

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ऐकलं का गं? भावजी डबा घेऊन आले बायकोला. नवीन लगीन हाय!"

सगळी ओळ हसली. पत्नी मान खाली घालून रोप लावीतच राहिली.

"ओळ मोडंल," ती म्हणाली.

"मोडू दे," वहिनी म्हणाल्या. "गेल्या सालाला मोडलीच हुती. जा वर. आमी तवर तंबाखू मळतो."

ती वर आली. पाटाच्या पाण्यात तिने हात धुतले. मी भाकरी पुढे केली. तिने घेतली नाही.

"तुमचं?"

"माझे झाले आहे," मी म्हणालो.

ते झाले नव्हते. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. तिला ते कळले असावे, पण खाली खाचरात आठ बाया आमच्याकडे पाहत होत्या. ती तिथेच बांधावर बसून जेवली. मी तिचे बोट टोचून साखर पाहिली. बोट कामाने घट्ट झाले होते, दोनदा टोचावे लागले. आकडा ठीक होता.

ती पुन्हा ओळीत जाऊन वाकली. मी लगेच निघालो नाही. तिच्या पायांकडे पाहत उभा राहिलो. एक रोप, दोन रोपे, मग पाऊल. पाऊल मागे पडत होते.

"भावजी," वहिनी खालून ओरडल्या, "उद्याला माज्या जावेच्या, तुमच्याच शेतावर हाय. आमच्यासाठी पन काय तरी आना!"

पुढचे आठ दिवस मी आठ बांधांवर गेलो.